अंतिम वर्षाचे प्रकल्प चालवून पाहणे बंद करू नका

प्रति,
सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील अभियांत्रिकी व संगणकशास्त्र महाविद्यालयांचे प्राचार्य, विभागप्रमुख आणि प्रकल्प समन्वयक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी एका महाविद्यालयाने येत्या शैक्षणिक वर्षासाठी काढलेले परिपत्रक नुकतेच माझ्या वाचनात आले. अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचे प्रात्यक्षिक बाह्य परीक्षकासमोर घेण्याची पद्धत त्यात रद्द केली असून तिच्या जागी तीन गोष्टी ठेवल्या आहेत. पहिली, मजकुरातील साम्य १० टक्क्यांपेक्षा कमी असल्याच्या दाखल्यासह प्रकल्प अहवाल. दुसरी, एखाद्या नियतकालिकात शोधनिबंध प्रसिद्ध झाल्याचे प्रमाणपत्र. आणि तिसरी, अंतर्गत समितीसमोर पंधरा मिनिटांचे सादरीकरण. यंत्र किंवा प्रणाली चालू करून दाखवणे 'ऐच्छिक' ठरवले आहे. त्या महाविद्यालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मला एका संस्थेशी भांडायचे नाही. असाच बदल आणखी काही ठिकाणी विचाराधीन असल्याचे तेथील प्राध्यापकांकडूनच ऐकते आहे. म्हणून हे पत्र आपणा सर्वांना आहे, आणि विद्यार्थ्यांनी व पालकांनीही ते वाचावे यासाठी उघडपणे लिहिले आहे.

माझा या विषयाशी संबंध सांगते. मी इलेक्ट्रॉनिक्सची पदवीधर असून कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत शेतीपंपांचे स्टार्टर आणि कंट्रोल पॅनल बनवणारा छोटा कारखाना चालवते. आमच्याकडे कामाला येणारी बहुतेक मुले-मुली आपल्याच महाविद्यालयांतून शिकून आलेली असतात. बाह्य परीक्षक म्हणून मी आपल्यापैकी अनेकांच्या प्रयोगशाळांत बसले आहे आणि आमच्या कारखान्याने विद्यार्थ्यांच्या काही गटांना प्रकल्पाचे विषयही दिले आहेत.

मुलाखतीला आलेल्या उमेदवाराला मी गुणपत्रकाबद्दल नंतर विचारते. आधी विचारते ते अंतिम वर्षाला काय केले होते हे. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात हा एकच भाग असा आहे, ज्याचे उत्तर कोणत्याही गाइडमध्ये छापलेले नसते. उमेदवाराने स्वतः हात घातला असेल तर कोणता भाग सारखा बिघडत होता, बिघाड कसा सापडला आणि वेळ कशात गेला हे तो न अडखळता सांगतो. हात घातला नसेल तर तेही दोन-तीन प्रश्नांत उघड होते. अलीकडे दुसऱ्या प्रकारची उत्तरे वाढली आहेत, आणि हे परिपत्रक अमलात आले तर पहिल्या प्रकारचे उत्तर देणारे उमेदवार शोधूनही सापडणार नाहीत, अशी मला भीती वाटते.

परिपत्रकात दिलेली कारणे खोटी नाहीत, हे आधीच मान्य करते. बाह्य परीक्षक वेळेवर मिळत नाहीत. एका दिवसात डझनभर गट उरकावे लागतात. मानधन अडकून पडते. शेजारच्या महाविद्यालयातील ओळखीचे प्राध्यापक आळीपाळीने एकमेकांकडे जातात आणि एकमेकांच्या विद्यार्थ्यांना सांभाळून घेतात. दुपारच्या जेवणानंतर फारसे प्रश्न विचारले जात नाहीत हे विद्यार्थ्यांना पक्के ठाऊक असते, आणि शेवटचा क्रमांक मिळावा म्हणून त्यांच्यात चढाओढ असते. पण परीक्षा नीट होत नाही यावरचा उपाय ती नीट घेणे हा असतो. आपण ती रद्द करायला निघाला आहात, आणि रद्द करताना जे उरते आहे ते केवळ कागद आहेत.

बाहेरच्या माणसाने प्रकल्प पाहण्याने काय साधते, हे मी पाहिलेल्या एका प्रकारच्या प्रकल्पावरून सांगते, कारण तो आपल्या भागाच्या जिव्हाळ्याचा आहे. कृष्णेच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर 'पूर इशारा प्रणाली' हा विषय आपल्याकडे दरवर्षी कोणता ना कोणता गट घेतोच. मांडणी जवळजवळ ठरलेली असते : एक आर्डुइनो बोर्ड (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), एचसी-एसआर०४ नावाचा, ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा स्वस्त अल्ट्रासॉनिक सेन्सर, एक बझर आणि मोबाइलवर संदेश पाठवणारे मॉड्यूल. सेन्सर प्लास्टिकच्या बादलीवर धरतात, बादलीत तांब्याने पाणी ओततात, बझर वाजतो, टाळ्या पडतात. या सेन्सरची मोजण्याची कमाल मर्यादा ४ मीटर आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरली जाते, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. म्हणजे इशारा पातळी आणि प्रत्यक्ष आलेला पूर यांच्यातील अंतरच १७ फूट, म्हणजे ५ मीटरपेक्षा जास्त होते. नदी पात्रात असतानाची गोष्ट तर वेगळीच. हा सेन्सर पुलाला बांधला तर पाणी त्याच्या टप्प्यात यायच्या आधीच शहरातले सखल भाग पाण्याखाली गेलेले असतील.

यात सेन्सरचा काही दोष नाही. शिकण्यासाठी तो उत्तम आहे. दोष असा की हा साधा हिशोब वर्षभरात गटातल्या चौघांपैकी एकानेही केला नाही, मार्गदर्शकांनी विचारला नाही आणि अहवालाच्या 'भविष्यातील वाव' या प्रकरणात 'ही प्रणाली संपूर्ण कृष्णाकाठी बसवता येईल' असे वाक्य छापले गेले. 'हे पुलावर कुठे बसवाल?' एवढा एकच प्रश्न बाहेरच्या माणसाने प्रात्यक्षिकाच्या वेळी विचारला की गट गप्प होतो, आणि मग चांगली मुले विचार करू लागतात. अशा कामाला रडार पद्धतीचे पातळीमापक लागते, ते परवडत नाही, मग आपण काय करू शकतो, अशी चर्चा सुरू होते. कोयना धरणाची साठवणक्षमता १०५ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास आहे. या धरणाचा विसर्ग, पाणलोटातील पाऊस आणि पुलाजवळची पातळी यांचे आकडे पावसाळ्यात पाटबंधारे खाते रोज जाहीर करते. मागील पुरांचे हे आकडे गोळा करून विसर्ग वाढल्यानंतर सांगलीत पाणी किती तासांनी आणि किती चढते याचा ठोकताळा बांधणे, वारणेचे पाणी हरिपूरच्या संगमावर आल्यावर त्यात काय फरक पडतो हे तपासणे, हा बझर वाजवण्यापेक्षा कितीतरी कठीण आणि उपयोगाचा प्रकल्प झाला असता. त्यासाठी एक रुपयाचा सेन्सरही लागत नाही. परिपत्रकातील नव्या पद्धतीत हा प्रश्न विचारणारे कोणी नसेल, आणि अहवालाचे साम्य ८ टक्के असल्यामुळे गटाला उत्तम श्रेणी मिळेल.

संगणक शाखेतील प्रकल्पांची स्थिती याहून बरी नाही. द्राक्षांवरील रोग पानाच्या छायाचित्रावरून ओळखणारी प्रणाली हा तासगाव, मिरज आणि पलूस भागातील मुलांचा आवडता विषय आहे, आणि त्यांनी तो घ्यावा असेच मला वाटते. परंतु जवळजवळ सर्वजण प्लांटव्हिलेज नावाचा आयता छायाचित्रसंग्रह उतरवून घेतात. त्यात १४ पिकांची मिळून ५४ हजारांवर छायाचित्रे आहेत, ती प्रामुख्याने एकेक पान तोडून साध्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेली आहेत, आणि द्राक्षाच्या वर्गांत निरोगी पानाखेरीज ब्लॅक रॉट, एस्का आणि लीफ ब्लाइट एवढेच तीन रोग आहेत. तासगावच्या कोणत्याही बागायतदाराला विचारा, ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की त्याची झोप कोण उडवतो. तो डाऊनी म्हणेल आणि पाठोपाठ भुरी म्हणेल. हे दोन्ही रोग त्या संग्रहातील द्राक्षाच्या पानांत नाहीतच. तरीही अहवालात ९८ किंवा ९९ टक्के अचूकता लिहिलेली असते, आणि ती लिहिताना विद्यार्थी खोटे बोलत नसतात, कारण त्या संग्रहातील पानांवर ती खरोखरच मिळते. याच संग्रहावर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळ अभ्यासात ९९.३५ टक्के अचूकता आली होती, आणि वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या छायाचित्रांवर तीच प्रणाली तपासल्यावर ती सुमारे ३१ टक्क्यांवर घसरली, असे त्याच अभ्यासकांनी प्रामाणिकपणे नोंदवले होते. आपल्या विद्यार्थ्यांच्या संदर्भसूचीत हा निबंध असतो. त्यातला दुसरा आकडा मात्र एकाही अहवालात मी वाचलेला नाही.

चार मुलांनी आपल्या मामाच्या, काकांच्या बागेत जाऊन मोबाइलवर पाचशे छायाचित्रे काढली, जाणकाराकडून प्रत्येकावर रोगाचे नाव लिहून घेतले आणि शेवटी प्रणाली दहापैकी सहा वेळाच बरोबर आली, तर माझ्या मते त्या गटाला ९९ टक्केवाल्या गटापेक्षा जास्त गुण मिळायला हवेत. मिरजेसारख्या वैद्यकनगरीत बसून हृदयविकाराचे भाकीत करणाऱ्या प्रकल्पांतही अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या ३०३ रुग्णांच्या जुन्याच नोंदी फिरत असतात. तेथे मी विद्यार्थ्यांना तितका दोष देत नाही, कारण रुग्णांची माहिती कोणाच्याही हाती देणे योग्य नाही. पण मग तो विषय घेण्याचा आग्रह कशासाठी, हा प्रश्न उरतोच.

आता परिपत्रकातील १० टक्के साम्याच्या अटीबद्दल. ही अट 'यूजीसीच्या नियमानुसार' असल्याचे त्यात लिहिले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची वाङ्मयचौर्य प्रतिबंधाची २०१८ ची नियमावली मी वाचली आहे. ती पदव्युत्तर व संशोधन पातळीवरील प्रबंधांना आणि प्रकाशित लेखनाला लागू आहे. कोणत्या लेखनाला ती लागू होते याच्या व्याख्येतच असाइनमेंट, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. महाविद्यालयाला स्वतःची अट घालण्याचा अधिकार जरूर आहे, पण ती आयोगाच्या नावावर खपवू नये. शिवाय ही तपासणी फक्त मजकूर जुळतो का एवढेच सांगते. काम कोणी केले, सर्किट कोणी जोडले, प्रोग्राम कोणाला समजला आहे, यातले काहीही तिला कळत नाही. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून तर एका रात्रीत शंभर पानांचा, कोणाशीही न जुळणारा अहवाल तयार करता येतो, आणि बराचसा प्रोग्रामही. अशा काळात विद्यार्थ्याला समोर बसवून, प्रोग्रामची एक ओळ बदलायला सांगून पुढे काय होईल ते विचारणे ही विश्वास ठेवण्याजोग्या थोड्या परीक्षांपैकी एक उरली आहे. आपण नेमकी तीच काढून टाकत आहात.

शोधनिबंधाच्या सक्तीविषयी फार लिहीत नाही, कारण ती कशी पार पडते हे आपणा सर्वांना माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. पैसे भरल्यावर चार-सहा दिवसांत निबंध 'स्वीकारणारी' नियतकालिके विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर जाहिराती करतात. आयएसएसएन हा केवळ नियतकालिकाचा ओळखक्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे. यूजीसीने आपली केअर यादीही (मान्य नियतकालिकांची यादी) २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे चांगले-वाईट निवडण्याची जबाबदारी आता पूर्णपणे महाविद्यालयांवर आहे. कर्ज काढून शिकणाऱ्या मुलाला या नियतकालिकांचे ग्राहक बनवणारा नियम मागे घ्यावा, इतकेच म्हणते.

तयार प्रकल्प विकणाऱ्या दुकानांवर येथे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण परिपत्रकाचा सर्वांत मोठा फायदा त्यांनाच होणार आहे. विषयांची यादी, चालू हार्डवेअर, प्रोग्रामचा पेन ड्राइव्ह, सोनेरी अक्षरांची ब्लॅक बुक (अहवालाची बांधीव प्रत) आणि सादरीकरणाच्या स्लाइड, असा सगळा संच तेथे एकत्र मिळतो. आजवर त्यांना निदान एक अडचण होती : बाह्य परीक्षकासमोर यंत्र चालवून दाखवावे लागे आणि प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्यांनाच द्यावी लागत. त्यासाठी ही दुकाने 'व्हायवाची' म्हणजे तोंडी परीक्षेची तयारीसुद्धा करून देत. उद्या तेवढेही करावे लागणार नाही.

पण विद्यार्थी तिकडे का वळतात, हेही पाहायला हवे. विषय ठरेपर्यंत निम्मे सत्र गेलेले असते. मग कॅम्पस मुलाखती सुरू होतात. आठव्या सत्रात गटातील दोघे इंटर्नशिपसाठी पुण्याला असतात. सुटे भाग सांगली-मिरजेत सगळे मिळत नाहीत, मागवले तर आठवडा जातो, आणि खर्च विद्यार्थ्यांच्याच खिशातून होतो. मार्गदर्शकाकडे इतके गट असतात की प्रत्येकाला महिन्यातून एकदा भेटणेही मुश्कील, आणि तो स्वतः तासिका तत्त्वावर असेल तर पुढच्या वर्षी तेथे असेल की नाही याचीही खात्री नसते. एआयसीटीईने (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने) २०१८-१९ पासून पदवी अभियांत्रिकीसाठी एका शिक्षकामागे पंधराऐवजी वीस विद्यार्थी चालतील असे ठरवले. त्यात शिक्षकांच्या रिकाम्या जागा मोजल्या तर प्रत्यक्ष भार किती असेल हे आपणच सांगावे.

यातली एक गोष्ट मला विशेष खटकते आणि ती परीक्षकांच्या खोलीत कधी बोलली जात नाही. प्रयोगशाळा पाच वाजता बंद होतात. त्यानंतरचे काम मुलांच्या खोल्यांवर रात्री चालते, आणि मुलींच्या वसतिगृहाचे फाटक तोपर्यंत बंद झालेले असते. परिणामी चौघांच्या गटात दोन मुली असतील तर सोल्डरिंग, जोडणी आणि चाचणी मुलांच्या हाती जाते, आणि अहवाल लिहिणे, स्लाइड करणे, स्पायरल बाइंडिंगच्या दुकानात जाऊन बसणे हे मुलींच्या वाट्याला येते. मुलाखतीत या मुली अहवालातील प्रत्येक आकृती समजावून सांगतात, पण मल्टिमीटर हातात दिला की त्यांचा हात थांबतो. त्यांना समजत नाही असे मुळीच नाही. त्यांना करू दिलेले नसते. आमच्या कारखान्यात अशाच मुली सहा महिन्यांत उत्तम टेस्टिंग करू लागतात. हे वर्षभर महाविद्यालयात होऊ शकले असते, आणि नव्या नियमाने तर सगळ्या प्रकल्पाचेच रूपांतर अहवाल आणि स्लाइड यांत होणार आहे.

सर्वांत मोठे नुकसान मात्र मला वेगळ्याच ठिकाणी दिसते, आणि ते जुन्या पद्धतीतही होतच होते. कवठेमहांकाळ तालुक्यातील एका विहिरीवरच्या मोटारीसाठी मोबाइलवरून चालू-बंद होणारा स्टार्टर, हा विषय आम्ही एका गटाला दिला होता. शेतीला वीज आळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळते. रात्रीच्या पाळीत शेतकऱ्याला अंधारात, विंचूकाट्यातून विहिरीवर जावे लागते, म्हणून हा विषय. प्रयोगशाळेत गटाने मोटारीऐवजी दिवा लावून सगळे सुरळीत चालवून दाखवले. विहिरीवर नेल्यावर मात्र कॉन्टॅक्टर (मोटार चालू-बंद करणारा विद्युतचुंबकी स्विच) ओढला गेला की दर वेळी बोर्ड रीसेट होऊ लागला. मोबाइलचे मॉड्यूल फक्त टू-जीवर चालणारे होते आणि शेतकऱ्याकडे जिओचे सिम होते. जिओकडे टू-जी सेवाच नाही, त्यामुळे ते नेटवर्कला जोडले जाईना. विहिरीतले पाणी संपल्यावर मोटार कोरडी फिरत राहिली तर ती जळेल, हा विचार मूळ आराखड्यात नव्हता. मुलांनी कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर स्नबर (विजेचा झटका शोषणारे छोटे सर्किट) बसवला, पुरवठा वेगळा केला, मॉड्यूल बदलले, मोटार कोरडी फिरते आहे (ड्राय रन) हे कळावे म्हणून करंट मोजायला सुरुवात केली. त्या दोन महिन्यांत ती जे शिकली ते त्याआधीच्या तीन वर्षांत शिकली नव्हती, असे त्यांनीच मला सांगितले. अंतिम मूल्यमापनात या सगळ्याला एक गुणही नव्हता, कारण गुणतक्त्यात 'काय चुकले आणि कसे सुधारले' असा रकानाच नाही. त्यांनी ते प्रकरण अहवालातून काढून टाकले. दोष दाखवले तर गुण जातील, असा सल्ला त्यांना मिळाला होता.

पुढे काय झाले? मुले बेंगळुरू आणि पुण्याला गेली. बोर्ड विभागाच्या कपाटात गेला आणि प्रोग्राम ब्लॅक बुकच्या मागच्या खिशातील सीडीवर, जी वाचायला विभागातल्या एकाही नव्या लॅपटॉपमध्ये सोय नाही. दोन वर्षांनी त्याच विभागातील दुसऱ्या गटाने तोच विषय नव्याने घेतला आणि पुन्हा तेच टू-जी मॉड्यूल आणले. 'हा विषय आधी झाला आहे, दुसरा घ्या' किंवा 'झालेला नाही असे दाखवा', एवढेच दोन पर्याय आपण विद्यार्थ्यांना देता. आधीच्या गटाचे काम पुढे नेणे हा तिसरा पर्याय देतच नाही. उद्योगात मात्र तेच करावे लागते. आमच्या पॅनलचा आजचा नमुना हा आधीच्या प्रत्येक नमुन्यातील तक्रारींवर उभा आहे, आणि १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडी या उद्योगनगरीच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये.

या साऱ्यात उद्योगांची बाजू स्वच्छ आहे असे नाही. आमच्या वसाहतीतही कोणाच्या तरी भाच्यासाठी, विषय न वाचता, लेटरहेडवर 'पुरस्कृत प्रकल्प' असल्याचे पत्र देणारे आहेत. अशी पत्रे आपण स्वीकारू नयेत. निदान पत्र देणाऱ्याला मूल्यमापनाच्या दिवशी हजर राहायला सांगावे. पत्रांची संख्या आपोआप कमी होईल.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

बाह्य परीक्षकासमोरचे प्रात्यक्षिक रद्द करणारा निर्णय मागे घ्यावा, आणि जेथे तो अद्याप झालेला नाही तेथे करू नये. एकूण गुणांपैकी किमान निम्मे गुण चालू प्रात्यक्षिक आणि प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र तोंडी परीक्षा यांवर असावेत. एका परीक्षकाकडे दिवसाला सहापेक्षा जास्त गट देऊ नयेत, आणि दोन परीक्षकांपैकी एक तरी शिक्षणक्षेत्राबाहेरचा, त्या विषयात प्रत्यक्ष काम करणारा असावा. परीक्षक मिळत नाहीत ही अडचण असेल तर कुपवाड, मिरज, पलूस आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींतील अभियंत्यांना एकदा रीतसर विचारून पाहावे. मानधनासाठी अडून बसणारे त्यांत फार थोडे निघतील.

शोधनिबंधाची सक्ती रद्द करावी. ज्याला लिहायचा आहे त्याने खुशाल लिहावा, पण त्याला वेगळे गुण नसावेत.

पहिल्या महिन्यापासून प्रत्येक गटाचा प्रोग्राम, सर्किट आकृत्या आणि चाचणीच्या नोंदी विभागाच्या सामायिक गिट भांडारात ठेवाव्यात. गिट ही संगणक प्रणाली मोफत आहे, आणि कोणी काय व केव्हा लिहिले याची तारखेनिशी नोंद त्यात राहते. शेवटच्या आठवड्यात एकाच दिवशी सगळा प्रोग्राम 'चढवलेला' दिसला तर मार्गदर्शकाला काय विचारायचे ते आपोआप कळेल. हे भांडार पुढच्या तुकडीला खुले असावे, आणि आधीचा प्रकल्प पुढे नेणे हा अधिकृत विषय म्हणून मान्य करावा. पाच प्रतींची सोनेरी ब्लॅक बुक बंद करून एकच साधी प्रत ठेवली तरी चालेल. ते पैसे सुट्या भागांसाठी उपयोगी पडतील.

प्रयोगशाळा अंतिम वर्षासाठी आठवड्यातून किमान तीन दिवस रात्री नऊपर्यंत उघड्या ठेवाव्यात आणि त्या दिवशी वसतिगृहातील मुलींच्या जाण्या-येण्याची व्यवस्था महाविद्यालयाने करावी. तोंडी परीक्षेत हार्डवेअरवरील प्रश्न गटातील प्रत्येकाला विचारले जावेत.

प्रकल्पाची चाचणी, शक्य असेल तेथे, ज्याच्यासाठी तो आहे त्या जागेवर व्हावी, आणि काय चुकले याचे प्रकरण अहवालात सक्तीचे करून त्याला गुण द्यावेत. आपल्या भागात जागांची वाण नाही : तासगावची बेदाण्याची शेड, सांगलीची हळद बाजारपेठ, म्हैसाळ आणि टेंभू योजनांचे कालवे, विट्याचे यंत्रमाग, आणि सिग्नल प्रोसेसिंगची आवड असलेल्यांसाठी मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांची जवारी (तारेचा नाद खुलवणारी घोडीची घडण), जी अजूनही केवळ कानाने लावली जाते. विषयांची अशी यादी बाजार समित्या, पाणीवापर संस्था, रुग्णालये आणि लघुउद्योग यांच्याकडून मागवून सातव्या सत्राच्या पहिल्या आठवड्यातच जाहीर करावी.

स्वायत्त महाविद्यालयांच्या अभ्यास मंडळावर उद्योगक्षेत्राचा एक प्रतिनिधी असावा अशी तरतूद आहे. हा निर्णय त्या मंडळासमोर आला होता का, आणि त्या प्रतिनिधीचे मत काय नोंदले गेले, हे संबंधित महाविद्यालयाने जाहीर करावे, एवढीही माझी मागणी आहे. निर्णय मंडळासमोर न येताच परिपत्रक निघाले असेल, तर ते आधी तेथे मांडावे आणि तोपर्यंत त्याची अंमलबजावणी थांबवावी.

येत्या सत्रात विषय ठरण्याच्या आत आपण उत्तर द्यावे, अशी विनंती करते. आपल्यापैकी कोणत्याही महाविद्यालयाला माझे म्हणणे समोरासमोर ऐकायचे असेल तर मी येईन, आणि आमच्या कारखान्यातील चाचणीची जागा, मोटारी आणि मोजमापाची उपकरणे अंतिम वर्षाच्या गटांना शनिवारी दुपारनंतर वापरता येतील, मग ते आमच्या विषयावर काम करत असोत वा नसोत.

आपली नम्र,
कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एक लघुउद्योजिका